तिकीट मिळालं, टेबल कधी मिळालं?

आज आम्ही नाटकाबद्दल बोलणार आहोत, पण रंगमंचावर काय घडतं त्याबद्दल नाही. नाटकाच्या आधी आणि नाटक सुटल्यावर आपण कुठे खातो, कुठे बसतो, त्याबद्दल. विषय हलका वाटेल. पण नाटकाला जायचं ठरलं की तिकिटाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न हाच येतो ना? आधी खाऊन जायचं की नंतर? खायचं तर कुठे? तिथे बायका बसतात का? रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? पुरुषांना यातले दोनच प्रश्न पडतात, आपल्याला चारही पडतात. का पडतात, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

सुरुवात पुण्यापासून करू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि संगीत नाटकांचा जमाना सुरू झाला. तेव्हाची नाटकं म्हणजे दोन-अडीच तासांचा कार्यक्रम नव्हे. रात्री जेवणं आटोपून लोक जात, पदांना ‘वन्स मोअर’ मिळत आणि घरी परतेपर्यंत मध्यरात्र कधीच उलटलेली असे. बायका जात, पण वेगळ्या बसत. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवलेली असे. बरोबर घरचं कुणीतरी पुरुषमाणूस असे. खाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जेवण घरी व्हायचं आणि मध्ये भूक लागली तर फराळाचा डबा असायचा. मुलं मांडीवर झोपायची.

बाहेर खायचं नाही, याचं कारण फक्त पैसा नव्हता. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, हा जातीचा प्रश्न होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्यायली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, ही बातमी फोडली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. एक कप चहासाठी शंकराचार्यांपर्यंत खटला गेला. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्याचा त्रास घरात काय झाला, हे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. ते पुस्तक १९१० साली आलं. एवढे मोठे पुरुष एका कपापायी अडचणीत येत होते. मग घरंदाज बाई नाटक सुटल्यावर एखाद्या हॉटेलात जाऊन बसेल, ही कल्पना तरी कुणी केली असती का?

आणि ज्यांना जातीमुळे हॉटेलात पाऊलच टाकू देत नव्हते, त्यांचं काय? कप वेगळा, बसायची जागा वेगळी, नाहीतर बाहेरूनच पाणी ओतायचं. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे आपल्याला याच दारातून आत यायचं आहे.

आता मुंबईला येऊ. मुंबईत गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या आणि घरापासून लांब राहणाऱ्या पुरुषांची गर्दी झाली. त्यांना जेवण हवं होतं. गिरगावात, लालबाग-परळात खानावळी निघाल्या. त्यातल्या कितीतरी बायकांनी चालवल्या, पुष्कळदा विधवांनी, नाहीतर नवऱ्याची नोकरी गेलेल्यांनी. म्हणजे बघा, बाहेरच्या माणसाला रोज जेवू घालणारी बाईच होती. पण तिच्या खानावळीच्या पंगतीला बसणारे सगळे पुरुष. तिने स्वतः दुसऱ्याच्या खानावळीत जाऊन ताट मागितलं असतं तर लोकांनी तिच्याकडे वळून वळून पाहिलं असतं.

त्याच काळात इराणी आले. इराणातून आलेल्या झोरोस्ट्रियन मंडळींनी नाक्या-नाक्यावर चहाची दुकानं उघडली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं. तिथून काळबादेवीकडे निघालं की एडवर्ड थिएटर, आणि गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊस. नाटक, सिनेमा, गाणं यांचाच तो सगळा भाग. इराण्याकडे मजूर, कारकून, विद्यार्थी, वकील एकाच संगमरवरी टेबलावर बसत. जात विचारण्यापेक्षा बिल देणं महत्त्वाचं. आणि बायकांसाठी काय? पुष्कळ ठिकाणी एक ‘फॅमिली रूम’ असे. कुठे पोटमाळ्यावर, कुठे मागच्या बाजूला, लाकडी आडोशाची किंवा पडद्याची.

या फॅमिली रूमबद्दल आम्ही आपसात बराच वाद घातला. काही जणी म्हणाल्या, हा तर पडदाच झाला, बाई दिसू नये म्हणून. काही जणी म्हणाल्या, पडदा का होईना, आत खुर्ची होती, चहा होता, मस्का-पाव होता आणि पोटमाळ्याचा जिना चढून बाई वर गेली होती. आम्हाला दोन्ही खरं वाटतं. तो आडोसा म्हणजे बाईला बाहेर खायला मिळालेली पहिली परवानगी, आणि तिची अट त्याच खोलीच्या नावात लिहिलेली होती. फॅमिली. म्हणजे नवरा, भाऊ, मुलं बरोबर हवीत. एकटी बाई म्हणजे फॅमिली नव्हे.

इकडे रंगमंचावरही बदल होत होता. बालगंधर्वांचं लुगडं नेसणं, दागिने घालणं पाहून बायका आपल्या घरी तशी नेसत, हे आपण आजीकडून ऐकलेलं आहे. स्त्री कशी दिसावी हे पुरुष नट दाखवत होता आणि बायका वेगळ्या जागी बसून ते पाहत होत्या. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं. त्यात बाईची कामं बायकांनीच केली. ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या. याआधीही काही धाडसी बायका रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, पण शिकल्या-सवरल्या घरातली बाई नाटकात काम करते हे आता हळूहळू पटायला लागलं. नाटकही आटोपशीर झालं. आता नाटक पाहून शेवटची गाडी पकडता येईल, अशी वेळ आली. आणि तेव्हाच हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला : नाटकाआधी खायचं, की नाटकानंतर?

याचं एक उत्तर कायद्याने दिलं, आणि ते आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेतलं पंधरावं कलम काढून बघा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्यावरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांच्यात यायला मज्जाव करता येणार नाही, असं त्यात म्हटलेलं आहे. उपाहारगृह आणि नाट्यगृह एकाच ओळीत. जात आणि लिंगही एकाच ओळीत. ज्या हॉटेलाच्या दारात दलितांना अडवलं जायचं, ते दार उघडताना घटनाकारांनी बाईलाही त्याच दारातून आत घेतलं. नाटक पाहायचं आणि मग कुठेतरी बसून खायचं, हा साधा बेत आपल्या घटनेत हक्क म्हणून आलेला आहे.

पण दार उघडलं म्हणून खुर्ची लगेच मिळत नाही. ती कशी मिळाली ते दादरला दिसतं. १९६५ साली शिवाजी मंदिर सुरू झालं आणि मराठी नाटकाचं बिऱ्हाड गिरगावातून दादरला सरकलं म्हणाना. आसपास खायच्या जागा होत्याच. मामा काणे तर १९१० पासूनचे. तुम्ही या जुन्या जागांच्या पाट्या कधी नीट वाचल्या आहेत का? आरोग्य भुवन, उपाहार गृह, हेल्थ होम, विश्रांतिगृह. नुसतं हॉटेल म्हणत नाहीत. ‘हॉटेल’ म्हटलं की काही घरांत नाक मुरडलं जाई. ‘आरोग्य भुवन’ म्हटलं की बटाटेवडा तोच, पण बायका-मुलांना घेऊन जायला हरकत नाही, असा अर्थ निघतो. आमच्या समजुतीने या पाट्या आपल्यासाठीच रंगवलेल्या होत्या. थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष, म्हणजे घरी जे बाई करते तेच पदार्थ. फरक एवढाच, की इथे ते दुसऱ्या कुणीतरी करून समोर आणून ठेवायचे. ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना वाढलं, तिला कुणीतरी वाढतं आहे, ही गोष्ट लहान नाही.

आणि मध्यंतरातला बटाटेवडा! नाटकाची जाहिरात पाहताना वड्याची आठवण आली नाही असा मराठी माणूस विरळा. पण त्यातही एक गंमत आहे. मध्यंतराचा वडा उभ्याने खातात. टेबल नाही, बिल नाही, कोण कुणाबरोबर आहे हा प्रश्न नाही. दहा-पंधरा मिनिटं सगळे सारखे. एकटी बाई तिथे कधीच विचित्र दिसली नाही. आम्हाला तर वाटतं, मराठी बाईने गर्दीत, अनोळखी पुरुषांच्या शेजारी उभं राहून, कुणाला न विचारता पहिल्यांदा जे खाल्लं, त्यात नाट्यगृहातल्या वड्याचा मान मोठा असेल.

दादरजवळच परळला कामगारांची रंगभूमी होती. सोशल सर्विस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणगावातले हौशी नट तिथे नाटकं करत आणि त्यांना जेवू घालणाऱ्या होत्या त्याच खानावळवाल्या बायका. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं. सावकाराच्या व्याजातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज नाटकानंतरच्या जेवणाचा इतिहास सांगताना ह्या बायकांचं नाव घेतलं नाही तर ताट अर्धं राहील.

आता दारूच्या बारकडे वळू. काही जणींना हा विषय नको वाटेल, पण इतिहासात तो आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू बंद झाली. मग ती चोरून सुरू झाली. मुंबईत घरगुती गुत्ते चालायचे आणि ते चालवणाऱ्या कितीतरी बायकाच होत्या. लोक त्यांना ‘आंटी’ म्हणत. पोलिसांची धाड, हप्ते, पोराबाळांची शाळा, सगळं त्या एकट्या सांभाळत. पुढे बंदी सैल झाली आणि परमिट रूम आल्या. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो असा कायदा आहे, म्हणून ते नाव. परमिट रूममध्ये दिवे मंद आणि गिऱ्हाईक पुरुष. म्हणजे पुन्हा तीच कथा. खानावळीत बाई रांधणारी, गुत्त्यात बाई विकणारी, पण बसणारी नाही.

हे काही फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ज्या विलायतेकडे आपण सुधारलेला देश म्हणून बघत होतो, तिथलंही ऐका. लंडनला १८८१ साली सॅव्हॉय थिएटर बांधलं गेलं. विजेच्या दिव्यांसाठी ते गाजलं. त्याचे मालक डॉयली कार्ट यांनी नाटकांच्या कमाईतून शेजारीच हॉटेल बांधलं, ते १८८९ साली उघडलं. नाटक सुटलं की लोक शेजारी जेवायला येत. तोवर तिथल्याही घरंदाज बायका चारचौघांत जेवत नसत. सॅव्हॉयमध्ये त्या पोशाख करून येऊ लागल्या आणि तशी चालच पडली. पण सोबत पुरुष हवाच. त्याच भागात पुढे फ्लीट स्ट्रीटवर ‘एल व्हिनो’ नावाचा बार होता. तिथे वकील आणि पत्रकार जमत. पुरुषांना काउंटरशी उभं राहून पिता येई. बाईने मात्र मागच्या खोलीत टेबलावर बसायचं, तिथेच तिला आणून देणार. टेस गिल आणि ॲना कूट या दोघी त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९८२ साली जिंकल्या. त्यांचं म्हणणं काय होतं? बातम्या काउंटरपाशी फुटतात, गप्पा तिथे होतात. मागे बसवलं की आम्ही त्या गप्पांतून बाद होतो.

मैत्रिणींनो, आजच्या आमच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. नाटकाचा अर्धा भाग पडदा पडल्यावर सुरू होतो. शेवट पटला का, नायिकेने घर सोडायला हवं होतं का, नटाने काम कसं केलं, हे सगळं बोलायला कुठेतरी बसावं लागतं. पुरुष इराण्याकडे बसले, कट्ट्यावर बसले, परमिट रूममध्ये बसले आणि नाटक चांगलं की वाईट हे तिथे ठरलं. बायका शेवटची गाडी पकडायला पळाल्या. सकाळी दूध, डबे. त्यांचं मत त्यांच्या मनात राहिलं. पुष्कळ नाटकं बाईच्या आयुष्यावर लिहिली गेली आणि त्यांच्यावरच्या चर्चेत बाईच नव्हती. खुर्ची मिळाली नाही म्हणून नुसतं जेवण चुकलं नाही, बोलणं चुकलं.

हे बदलायला ज्या जागांनी मदत केली त्यांत दोन आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. एक दादरची छबिलदास शाळा. १९७४ पासून तिथल्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं सुरू केली. सुलभाताई देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि ‘आविष्कार’च्या खांबांपैकी एक. नाटक संपलं की गल्लीत चहा, वडा आणि वाद. त्या वादात बायका होत्या, कारण तिथे कुणी यजमान नव्हता आणि कुणी पाहुणी नव्हती. दुसरी जागा जुहूचं पृथ्वी थिएटर. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी, म्हणजे नेमक्या मराठी रंगभूमी दिनी, ते सुरू झालं आणि पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. ते उभं करण्यात जेनिफर कपूर यांचा मोठा वाटा. नाट्यगृहाच्या अंगणातच कॅफे. तिथे एकटी मुलगी पुस्तक घेऊन तासभर बसली तरी कुणी ‘अजून कुणी येणार आहे का?’ असं विचारत नाही. जुहूपर्यंत जाणं आणि तिथला खर्च सगळ्यांना परवडणारा नाही, हे खरं. पण नमुना म्हणून तो बघण्यासारखा आहे.

बसणाऱ्या बाईबरोबर काम करणाऱ्या बाईचाही विचार करू. मद्य मिळतं तिथे बायकांना नोकरी देऊ नये असा १९१४ सालचा पंजाबचा अबकारी नियम दिल्लीत लागू होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द ठरवला. संरक्षणाच्या नावाखाली बाईची भाकरी काढून घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ. आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची सोय मालकाने करायची आहे. आपण नाटक सुटल्यावर साडेअकराला सूप मागवतो, तेव्हा आणून देणारी मुलगी घरी कशी जाणार, हे विचारायला आपल्याला काय हरकत आहे?

तर मग जागा निवडायची कशी? इतिहासातून आम्ही काढलेली चार सूत्रं सांगतो.

पहिलं, वेळ. रात्रीचं नाटक आठच्या सुमाराला असेल तर साडेसहाला हलकं खाऊन घ्या आणि बोलण्यासाठी नंतर चहा ठेवा. भरपेट जेवून गेलं की दुसऱ्या अंकात डोळे मिटतात. दुपारचं साडेतीन-चारचं नाटक असेल तर जेवण नंतर ठेवा. मग घाई नाही आणि उजेडही असतो.

दुसरं, स्वच्छतागृह. हसू नका. बाहेर जायचं म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आपल्यात आहेत. मुंबईत २०११ पासून याच हक्कासाठी बायकांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली. ज्या हॉटेलात बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह नाही, ते कितीही नामांकित असलं तरी आपल्या यादीत नको.

तिसरं, वाट. जागेपासून स्टेशन, एसटी स्टँड किंवा रिक्षा किती लांब? वाटेवर दिवे आहेत का? दोन पदार्थ कमी चालतील, पण वाट उजेडाची हवी.

चौथं, खुर्ची. दोघी-तिघींनी गेल्यावर कोपऱ्यातलं, स्वच्छतागृहाजवळचं टेबल दाखवलं, आणि मधली टेबलं रिकामी असली, तर मधलं मागा. गोड शब्दांत मागा, पण मागा. घटनेचं पंधरावं कलम तुमच्या पर्समध्येच आहे असं समजा.

पैशाचं म्हणाल तर दोन चहा आणि एक प्लेट वडा यांवरही तासभर उत्तम बोलता येतं. महाग जागाच हवी असं नाही. फक्त बसायला मिळालं पाहिजे आणि उठवायला कुणी येता कामा नये.

गावात नाट्यगृह नसेल तरी हे लागू आहे. जत्रेतला तमाशा असो, गणपतीतलं हौशी नाटक असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, शेवटी पाच-सहा जणींनी मिळून कुठेतरी बसा. देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पायरीवर, थर्मासमधला चहा घेऊन. आणि बोला. काय आवडलं, काय पटलं नाही, आपण त्या बाईच्या जागी असतो तर काय केलं असतं. पुढच्या नाटकाला जाल तेव्हा तिकीट काढतानाच ठरवून टाका, नाटक सुटल्यावर कुठे बसायचं ते. आणि तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू.